पेट्रोल गाळण्याचे फडके

पावसाळा लागला की भिलाईच्या वस्तीत पहाटे एक दृश्य वारंवार दिसते. पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराची मोटारसायकल सुरू होते, शंभर पावले जाते, धापा टाकते आणि बंद पडते. मेस्त्री कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून आतील द्रव बाटलीत काढतो. घटकाभरात बाटलीच्या तळाशी निराळा थर दिसू लागतो, आणि पेट्रोलच्या भावाने काय विकत घेतले ते कळते. ठेकेदाराकडे राबणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. मेस्त्रीचे पैसे निराळेच.

यावर घरोघरी एकच उपाय सांगितला जातो. टाकीच्या तोंडाशी मलमलीचे फडके धरावे, झाकणाचे रबर बदलावे, झाकणाभोवतीचे पाणी बाहेर नेणारे छिद्र मोकळे ठेवावे, पंपावर टँकर रिकामा होत असताना पेट्रोल भरू नये. हे सर्व उपाय योग्यच आहेत व प्रत्येकाने ते करावेत. परंतु फडक्याने वाळू अडते, गंज अडतो. पेट्रोलमध्ये विरघळलेले केरोसिन कोणत्याही फडक्याने अडत नाही. तेव्हा शुद्ध इंधनाची सारी जबाबदारी ग्राहकाच्या फडक्यावर टाकणे ही मूळ प्रश्नाला दिलेली बगल होय.

भेसळीमागील अर्थकारण महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त दिलेले केरोसिन आणि महाग डिझेल-पेट्रोल यांच्या भावातील तफावतीवर टोळ्या पोसल्या गेल्या. रॉकेल शिधापत्रिकेवरून चोरावयाचे आणि टँकरमध्ये मिसळावयाचे. म्हणजे चोरी एक, लुबाडलेले दोघे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी हा व्यवहार रंगेहाथ पकडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना जिवंत जाळण्यात आले. २७ जानेवारीला राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध नोंदविला. त्याआधी, १९ नोव्हेंबर २००५ रोजी, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांना भेसळीविरुद्ध कारवाई केल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या होत्या. दोघेही आपले नेमून दिलेले काम करीत होते.

केरोसिनवरील अनुदान आता उरलेले नाही, त्यामुळे त्या भेसळीतील जुनी कमाई घटली. पण आता पाण्याचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० सालचे उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे आणून २०२५ सालीच गाठण्यात आले. इथेनॉल ही भेसळ नव्हे, आणि आपल्या ऊस उत्पादकाला त्याचा काही आधार मिळत असेल तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. तथापि इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून राहते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून विलग होतात व तळाशी बसतात. मोटारसायकलची टाकी नेमकी तळाजवळूनच इंजिनाला इंधन देते. पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचे पाणी झिरपू न देण्याची दक्षता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कडक असावयास हवी, ती यामुळे. शिवाय जुन्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातच नमूद होते. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्याने ही घट मुकाट्याने सोसावी, असे जणू गृहीत धरले गेले.

जून २०२५ मध्ये रतलाम येथे मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ गाड्या डिझेल भरताच बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघाले. अधिकारी रात्रीच धावले आणि पंपाला टाळे लागले. उत्तमच झाले. परंतु त्याच पंपावरून त्या दिवशी इंधन नेणाऱ्या सामान्य वाहनचालकासाठी कोण धावले असते?

कायदा नाही, असे नव्हे. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली २००५ सालचा आदेश आहे. पंपावर फिल्टर कागद मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. नळीचे तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकावा. दोनेक मिनिटांत तो उडून गेला व काळसर डाग राहिला नाही तर ठीक. पण ही चाचणी पाणी दाखवीत नाही, आणि हलकी भेसळही तीतून निसटते. म्हणून घनतेची चाचणी मागावी. काचेच्या नळकांड्यात हायड्रोमीटर व तापमापक घालून आलेला आकडा १५ अंश सेल्सिअसला रूपांतरित करतात. नोंदवहीतील आकड्याशी घनमीटरमागे ३ किलोपेक्षा अधिक फरक पडला, तर संशयास पूर्ण जागा आहे. पाण्यासाठी टाकीत मोजपट्टी सोडताना तिला लेप लावतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला त्याच्यासाठीचाच लेप लागतो, जुना चालत नाही.

भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाच्या प्रत्येक हीटचा नमुना तपासल्याशिवाय पुढे न जाणारा येथील कामगार पंपावर मात मान खाली घालून पैसे देतो. कारण तेथे तो एकटा असतो आणि मागे रांग हॉर्न वाजवीत असते. एकट्याने मागितलेला फिल्टर कागद संपलेला असतो. दहा जणांनी मागितला तर तो सापडतो. वस्तीतील दहा-बारा दुचाकीस्वारांनी पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकत्र जावे, घनतेची नोंदवही पाहावी, आकडा आपल्या वहीत तारखेसह उतरवावा, पावती जपावी. फरक आढळल्यास तेल कंपनीकडे व जिल्हा अन्नपुरवठा कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी आणि नमुना अधिकृत अधिकाऱ्याकडूनच घेवविण्याचा आग्रह धरावा. नळी धरून उभ्या असलेल्या पोराशी भांडू नये. भूमिगत टाकीची किल्ली त्याच्याकडे नसते, आणि त्याचा पगार बहुधा आपल्याहूनही कमी असतो.