मानाचा बैल ठरेना, पोळा फुटेना



पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गावातले सगळे बैल येऊन उभे राहतात. शिंगे रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. आणि नेमके तेव्हाच दोन वाड्यांचे जुने भांडण उकरून निघते, की पहिला मान कोणाचा? एक म्हणतो पाटीलकी आमची, दुसरा म्हणतो गेल्या साली तुमचा झाला, औंदा आमचा. दोन्हीकडची माणसे काठ्या घेऊन उभी, बैल उन्हात तोंडाला फेस आणून उभे, आणि पोळा काही फुटत नाही. तरी बरे, गावातले हे भांडण दिवस मावळायच्या आत मिटते. मुंबईच्या तोरणाखालचे भांडण पंधरा-पंधरा दिवस, महिना-महिना मिटत नाही. आणि तेही नेमके आपला कापूस घरात येत असताना.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही, तारखा काढून म्हणतो. १९९९ पासून महाराष्ट्र विधानसभेची प्रत्येक निवडणूक सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात झाली. कोरडवाहू शेतकऱ्याचे पंचांग कसे असते? दसऱ्याच्या सुमाराला पऱ्हाटीत सीतादही होते, दिवाळीला पहिला वेचा घरात येतो. कृषिकेंद्रवाल्याची उधारी, वेचणीची मजुरी, पोरांच्या अंगावर दोन कपडे, हरभऱ्याचे बियाणे, हे सगळे त्या पहिल्या दोन वेच्यांवरच भागवायचे असते. म्हणून ज्याच्याकडे ओलित नाही त्याचा बहुतेक कापूस डिसेंबर संपायच्या आत विकला जातो. थांबायची ऐपत असणारा पुढे भाव खातो, आपण आधीच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर मोकळे होतो. सरकारची खरी गरज आपल्याला वर्षात या दोन महिन्यांतच असते. आणि निवडणुकीच्या साली नेमके हेच दोन महिने सरकार खुर्ची शोधत असते.

२००९ साली निकाल लागला २२ ऑक्टोबरला. मुख्यमंत्री कोण हे ठरलेले होते, भांडण होते खात्यांचे. शपथविधी झाला ७ नोव्हेंबरला. २०१९ सालचे तर काय सांगावे! २४ ऑक्टोबरला निकाल, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरला भल्या पहाटे एक शपथविधी, तो चार दिवसही टिकला नाही, मग २८ नोव्हेंबरला दुसरा. ज्यांनी एकत्र मते मागितली त्या दोन पक्षांचे जमेना ते मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटायचे की नाही यावर. त्याच दिवसांत इकडे काय चालले होते? परतीचा पाऊस जाता जाईना. फुटलेली बोंडे झाडावरच भिजली, सरकीला कोंब आले, ज्वारीची कणसे काळी पडली, कडब्याला बुरशी आली. मदत कोण जाहीर करणार? मंत्रीच नव्हते. शेवटी १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकराला सव्वातीन हजारही नाहीत. ज्याची मजुरी अंगावर आली त्याने हिशोब करून पाहावा.

कोणी म्हणेल, कापसाची खरेदी सीसीआय करते, ती केंद्राची. तहसीलदार, कलेक्टर जागेवर असतात. मंत्री नसले म्हणून काय अडते? आम्हीही आमच्यातल्या शिकलेल्या पोरांना हेच विचारले. अडते ते असे. ग्रेडर कमी पडले तर जादा केंद्रांचा आग्रह दिल्लीत कोणी धरायचा? बाजार समितीत कटती कापणाऱ्याला कोणी आवरायचे? कापसात ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापतात, १२ च्या वर गेली की गाडी परत. पाऊस लांबलेल्या साली ही अट सैल करा म्हणून भांडायचे कोणी? तहसीलदार म्हणतो वरून आदेश नाहीत. आणि वर बघावे तर तिथे मानाचा बैल ठरलेला नसतो.

आता २००४ ची गोष्ट, कारण तिथे सत्तेवर आलेल्या पक्षाच्या घरातलेच भांडण होते. निवडणुकीच्या वेळी मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे. सोलापूरचे, म्हणजे मालदांडी ज्वारीच्या मुलखातले. त्यांच्या सरकारने शेतीपंपाला वीज मोफत केली. काँग्रेस-राष्ट्रवादीने कापसाला क्विंटलला २,७०० रुपये देण्याचे वचन दिले. त्या साली लांब धाग्याच्या कापसाचा केंद्राचा हमीभाव १,९६० रुपये होता हे लक्षात घ्या, म्हणजे हे वचन आपल्या कानाला किती गोड लागले असेल ते कळेल. १६ ऑक्टोबरला निकाल आला. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. दोन आमदार जास्त असून राष्ट्रवादीने मुख्यमंत्रिपद सोडले आणि बदल्यात जास्तीची मंत्रिपदे पदरात घेतली. राहिले काँग्रेसचे. निवडणूक लढवली शिंद्यांनी, पण खुर्ची कोणाला? शिंद्यांना की विलासराव देशमुखांना, ज्यांच्याकडून ती जानेवारी २००३ मध्ये काढूनच शिंद्यांना दिली होती? निवाडा अर्थातच दिल्लीत झाला. १ नोव्हेंबरला विलासराव शपथ घेते झाले आणि शिंदे राज्यपाल होऊन आंध्र प्रदेशात गेले.

दोन्ही मानकऱ्यांची सोय झाली. सोय झाली नाही ती वचनाची. २००५ साली मोफत वीज बंद झाली. कापसाचे २,७०० तर राहिलेच, आधी मिळत होता तो ५०० रुपयांचा आगाऊ बोनसही त्या हंगामात काढून घेतला. तिजोरीत पैसा नाही, एकाधिकार खरेदी तोट्यात आहे, ही कारणे सांगितली गेली. तोटा होता हे खोटे नाही. पण तो तोटा वचन देतानाही होताच की! आमचा मुद्दा वेगळा आहे. वचन देणारा राज्यपाल होऊन गेला, खुर्चीवर बसलेला म्हणतो ते मी दिले नव्हते, आणि पक्षाला जाब विचारावा तर पक्षाचा पत्ता दिल्लीचा. एका घरातल्या दोन भावांनी सावकाराला असे उत्तर दिले असते तर सावकाराने दोघांची बैलजोडी सोडून नेली असती. आपण मतांचे सावकार, पण आपल्याला वसुली जमत नाही. पुढे जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांना विदर्भात यावे लागले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. कशासाठी यावे लागले ते तुमच्या-आमच्या गावात सांगायची गरज नाही.

पक्ष बदलले म्हणून रीत बदलली असे मात्र समजू नका. २०२४ साली महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० जागा आल्या, त्यातल्या १३२ एकट्या भाजपच्या. एवढे बहुमत मिळाल्यावर तरी दुसऱ्या दिवशी कामाला लागायला काय हरकत होती? निकाल २३ नोव्हेंबरला. मुख्यमंत्रिपद कोणाचे, ते नाही तर गृहखाते कोणाचे, यात दिवस गेले. एकनाथ शिंदे आपल्या दरे गावी जाऊन बसले. नेता निवडायला दिल्लीहून निरीक्षक म्हणून खुद्द केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन आल्या. ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस आणि दोन उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. बाकीच्या ३९ मंत्र्यांचा १५ डिसेंबरला, नागपुरात. १६ पासून तिथेच हिवाळी अधिवेशन सुरू झाले, २१ ला संपले, आणि खातेवाटप जाहीर झाले ते २१ तारखेला, अधिवेशन उरकल्यावर! कापसाच्या मुलखात, कापसाच्या हंगामात भरलेले अख्खे अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांनी काढले. आमच्यातले चौघे जण तेव्हा निवेदन घेऊन नागपूरला गेले होते. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ आणि आमच्याकडे व्यापारी त्याच्या खालीच बोलत होता, एवढेच त्यात लिहिले होते. पणनमंत्र्यांना द्यायचे म्हटल्यावर टेबलामागचा माणूस हसला. म्हणाला, अजून कोणी झालेले नाही, कोणाच्याही हातात द्या. दिले एकाच्या हातात. त्याचे पुढे काय झाले ते त्यालाच ठाऊक.

आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला आणि खाती मिळाली २१ डिसेंबरला. सदुसष्ट दिवस. आपला पहिला वेचा, दुसरा वेचा, कुठे कुठे तिसराही यात येऊन गेला. त्यानंतरही संपले नाही. पालकमंत्र्यांची यादी १८ जानेवारी २०२५ ला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुका स्थगित झाल्या. पालकमंत्रिपदासाठी एवढे जिवावर उदार का होतात? कारण जिल्हा नियोजनाचा पैसा त्याच्या सहीने फिरतो. गृह, महसूल, नगरविकास यांसाठीही असेच जीव टाकतात. पण पणन मला द्या नाही तर मी गावी जाऊन बसतो, असे म्हणणारा एकही माईचा लाल आम्ही आजवर पाहिला नाही. प्रचारात कर्जमाफी कबूल केली होती, त्या वेळी मात्र तिघांचे एकमत होते. मार्च २०२५ मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी ३१ तारखेपर्यंत कर्ज भरा म्हणून बजावले.

आणि खुर्चीसाठी दिल्लीहून निरीक्षक येतो, कापसासाठी कोण येते? ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क त्याच केंद्रीय अर्थखात्याने एका अधिसूचनेने उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे पुन्हा आपल्या वेचणीचेच महिने. त्यावर रुसून गावी जाऊन बसलेला मंत्री कोणाला दिसला असेल तर कळवावे.

आता थोडे आपल्याच घरात बघू. निकालानंतरच्या या दिवसांत आपल्या गावात काय चालते? पारावर एकच चर्चा, आपल्या भागाला काय मिळणार? आपल्या जातीचा होणार का? कॅबिनेट की राज्यमंत्री? आमदाराला लाल दिवा मिळावा म्हणून देवाला नवस बोलणारे कास्तकार आम्ही पाहिले आहेत. दिवे २०१७ साली गाड्यांवरून गेले, नवस गेले नाहीत. आणि झाला मंत्री, तर ज्याच्या घरात कापूस पडून आहे तोच फटाक्यांची लड आणतो.

भावांनो, मुख्यमंत्री आपल्या मुलखाला कमी का मिळाले? कन्नमवार चांदा जिल्ह्याचे. वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक पुसदचे. शंकरराव आणि अशोकराव चव्हाण नांदेडचे, निलंगेकर आणि विलासराव लातूरचे, शिंदे सोलापूरचे, फडणवीस नागपूरचे. कापसाने आणि ज्वारीने या राज्याला इतके मुख्यमंत्री दिले, की मुख्यमंत्र्यांनीच भाव मिळायचा असता तर आज आपल्या काट्यावर रांग लागली नसती. यात कोणी भला नव्हता असे आम्ही म्हणत नाही. १९७२ साली एकाधिकार खरेदी वसंतरावांच्याच काळात आली, तिच्यात पुढे चुकारे रखडले, ग्रेडरशाही माजली हे खरे असले तरी. पण मानाचा बैल आपल्या गल्लीतला निघाला म्हणून आपल्या गोठ्यात वैरण येत नाही, एवढे तरी पन्नास वर्षांत कळायला हवे होते.

म्हणून या जिल्हा बैठकीत दोन ठराव ठेवले आहेत. पहिला असा, की निवडणुकीच्या साली कापूस आणि ज्वारीची खरेदी केंद्रे कुठे आणि कोणत्या तारखेला उघडणार, ओलीची अट काय, चुकारा किती दिवसांत, हे आचारसंहिता लागायच्या आत लेखी जाहीर झाले पाहिजे आणि मंत्रिमंडळ असो वा नसो, त्या तारखेला काटा सुरू झाला पाहिजे. दुसरा असा, की निकालापासून खातेवाटप होईपर्यंत आपल्यापैकी कोणीही कोणाच्याही मिरवणुकीत जाणार नाही, हार घालणार नाही आणि आमदार भेटलाच तर त्याला एकच प्रश्न विचारेल: आज आपल्या बाजार समितीत कापूस काय भावाने गेला? ठरावांवर वाद होऊ द्या, आम्हाला चालेल. दुसऱ्या ठरावाला आमच्यातल्याच काहींचा विरोध आहे, कारण त्यांची सोयरीक आमदारांच्या घरात आहे. त्यांनी तो उभे राहून सांगावा.

आणि एक काम घरून करून या. २०१९ आणि २०२४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या कापूस-ज्वारी विकल्याच्या पावत्या कोणाकडे डब्यात, फोटोमागे, पोथीत ठेवलेल्या असतील त्या घेऊन या. खेडा खरेदीत दिलेला माल असेल आणि पावती नसेल, तर तारीख आणि भाव कागदावर लिहून आणा. फळ्यावर एका बाजूला शपथविधीच्या तारखा लिहायच्या आहेत, दुसऱ्या बाजूला तुमच्या.