खोकला, सोनं आणि एक स्ट्रिप

"ताई, शॉपफ्लोअरवर धूळ असते गं, दुसरं काही नाही!"

चाकणला कॉन्ट्रॅक्टवर काम करणारा माझा मावसभाऊ तीन आठवडे हेच ऐकवत होता. खोकला मात्र थांबायचं नाव घेत नव्हता. खरं कारण नंतर कळलं. टेस्टसाठी दोन दिवस सुट्टी टाकली तर 'ब्रेक' देतील, ही धास्ती!

त्याच रविवारी तो जेवायला आला होता आणि शेजारी आई ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपला बोट टेकवत होती. काही सेकंदांत आकडा हजर. मनात आलं, टीबीची अशी स्ट्रिप का नसावी?

जरा खोदकाम केलं, तर कल्पना चांगलीच जुनी निघाली. डीएनए इलेक्ट्रोडवर विजेचा सिग्नल देतो, हे चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात एमिल पालेचेक यांनी 1960 मध्येच दाखवलं होतं.

म्हणजे बघा, आईच्या स्ट्रिपमध्येही इलेक्ट्रोडच असतो. त्यावर एन्झाइमचा थर. साखर भेटली की करंट वाहतो. डीएनएसाठी हा थर बदलायचा. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचे छोटे, एकपदरी तुकडे बसवायचे. त्यांच्या टोकाला गंधक जोडलेलं असतं आणि सोन्याची न् गंधकाची पकड एकदम घट्ट! टीबीच्या जंतूचा डीएनए आला की तो या तुकड्यांशी चेनसारखा जुळतो, करंट बदलतो आणि यंत्र तो मोजतं. 'मॉडिफाइड इलेक्ट्रोड' म्हणतात तो हाच. आपल्या भोसरीतल्या प्लेटिंगवाल्यांना यातली गोम लगेच कळेल. जॉबवर तेल राहिलं तर कोटिंग सुटतं. इथंही सोनं स्वच्छ नसेल तर तुकडे नीट बसत नाहीत.

मग घोडं अडलं कुठे? थुंकीत! ती चिकट. जंतूचं कवच जाड, ते फोडल्याशिवाय डीएनए बाहेर येत नाही. आला तरी अगदी थोडा. वर थुंकीतली प्रोटीन्स इलेक्ट्रोडवर चिकटून भलताच सिग्नल देतात. म्हणून आधी डीएनएच्या लाखो कॉपी काढाव्या लागतात. सोन्याचे इलेक्ट्रोड वापरणारी हॉस्पिटलची मशिन्स अमेरिकेत निघाली, पण त्यांनाही हे चुकलं नाही. टीबीसाठी ग्लुकोमीटरइतकी स्वस्त आणि सोपी स्ट्रिप अजून तरी लॅबमध्येच घुटमळतेय.

तोवर आपल्या शेजारच्या गोव्याने एक भारी काम करून ठेवलंय. तिथल्या मोलबायोचं 'ट्रूनॅट' बॅटरीवर चालतं, छोट्या चिपवर कॉपी काढतं आणि तासाभरात उत्तर देतं. वाचतं मात्र प्रकाशाने, विजेने नाही. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली.

सोमवारी भावाला अक्षरशः ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. टेस्ट फुकट. संध्याकाळी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. मशीनने तासभर घेतला, आम्ही तीन आठवडे! खरं तर दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरळ तपासून घ्यायचं, एवढा साधा नियम आहे.

त्याला 'ब्रेक' मिळाला की नाही? मिळाला. दुसरं काम शोधतोय. पण परवा मेसेज आला, "ताई, वजन दोन किलो वाढलं!"