कार्बनची ओळख : दहावीत नव्हे, सातवीत

आपल्या भाषेत 'सेंद्रिय' आणि 'रासायनिक' हे दोन शब्द आज परस्परविरोधी अर्थाने रूढ झाले आहेत. सेंद्रिय ते गुणकारी आणि रासायनिक ते घातक, ही समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय पदार्थ म्हणजे कार्बनची संयुगे. साखर, तूप, चिंचेतील आम्ल हे जसे सेंद्रिय, तसेच रॉकेल, प्लॅस्टिक आणि बहुतेक कीटकनाशकेही सेंद्रियच!

या विषयाची रीतसर ओळख मुलांना फार उशिरा होते. 'बालभारती'च्या पुस्तकांत नववीत कार्बन आणि दहावीत कार्बनी संयुगे येतात. 'एनसीईआरटी'च्या पुस्तकातही हा पाठ दहावीतच आहे. त्या वर्षी मुलांचे लक्ष गुणांकडे असते. नावे आणि सूत्रे पाठ होतात, परीक्षेनंतर विसरली जातात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की कार्बनची पहिली ओळख सातवीपर्यंत व्हावी आणि ती वस्तूंमधून व्हावी.

उचगाव परिसरातील मुलांना त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागणार नाही. शिक्षकांनी वर्गात चिमूटभर साखर, तांदळाचे दाणे आणि मीठ वेगवेगळे तापवून दाखवावे. साखर आणि तांदूळ करपून काळे होतात, मीठ होत नाही. तो काळा अंश म्हणजे मुख्यतः कार्बन. साखर पूर्ण करपण्याआधीचा तांबूस रंग तर बेळगावच्या कुंद्यामुळे मुलांच्या ओळखीचाच आहे. भिजवलेल्या हरभऱ्याला खराट्याच्या चार काड्या टोचल्या, की कार्बनचे चार बंध डोळ्यांना दिसतात. प्रत्येक काडीच्या टोकाला एकेक वाटाणा लावला, की गोबर गॅसमधील मिथेन तयार!

दुसरे उदाहरण युरियाचे. सजीवांच्या शरीरातील पदार्थ प्रयोगशाळेत बनवता येत नाहीत, असा पूर्वी समज होता. 1828 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी युरिया कृत्रिमरीत्या तयार केला आणि त्या समजाला मोठा तडा गेला. शेतावरच्या पोत्यातील युरिया आणि रक्ततपासणीच्या अहवालातील युरिया यांचा रेणू एकच आहे. याउलट निपाणीच्या तंबाखूतील निकोटिन पूर्णतः नैसर्गिक आहे. तरीही ते विष आहे. तंबाखूची ओली पाने हाताळताना ते त्वचेतून शरीरात शिरते आणि मळमळ, उलट्या, चक्कर सुरू होते. पदार्थ निसर्गाने केला की कारखान्याने, यावर त्याचे गुणदोष ठरत नाहीत. ते रेणूची रचना आणि मात्रा यांवर ठरतात. उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या इथेनॉलमध्ये कार्बनचे दोन अणू, तर मिथेनॉलमध्ये एक. एवढ्याशा फरकाने मिथेनॉल दृष्टी हिरावून घेते, प्राणही घेते.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. थिनर, रॉकेल किंवा कीटकनाशक शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. दोन-तीन वर्षांचे मूल ती तोंडाला लावते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला घरचे लोक मीठपाणी पाजून उलटी करवतात आणि तेच पातळ द्रव्य फुप्फुसात उतरून न्युमोनिया होतो. आईवडील शेतावर असताना अशा लहानग्याजवळ घरात बहुधा सहावी-सातवीतले भावंडच असते. बाटली उंचावर ठेवायची, उलटी करवायची नाही, तडक दवाखाना गाठायचा, हे ज्याला ठाऊक असायला हवे ते मूल हेच. दहावीची वाट पाहणे त्या घराला परवडणारे नाही.

या वयात मुलांना हा विषय झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. सूत्रे आणि नामकरण झेपणार नाही, हे मलाही मान्य आहे. ते दहावीतच राहू द्यावे. नवा पाठही नको. अन्न, इंधन, खते हे विषय खालच्या इयत्तांत शिकवले जातातच; त्यांना जोडणारा कार्बनचा धागा तेवढा दाखवावा. पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागणाऱ्या सीमाभागातील मराठी मुलांना मातृभाषेत आधी झालेली ही ओळख आधारच देईल.

आपल्या संघटनेतील प्रत्येक डॉक्टरने वर्षातून एक तास जवळच्या शाळेतील सातवीच्या वर्गाला द्यावा, अशी माझी विनंती आहे. सोबत औषधांचे नमुने नकोत. मूठभर हरभरे, खराट्याच्या काड्या आणि शीतपेयाची एक रिकामी बाटली पुरेशी आहे.