विश्लेषण : फुफ्फुसाच्या कर्करोगात 'सपोर्ट ग्रुप' का महत्त्वाचा?

रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला, की घरी भेटायला येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, 'सिगारेट ओढायचे का?' फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण एकटा पडतो तो इथपासूनच. केमोथेरपी, रेडिएशन, गोळ्या रुग्णालयात मिळतात; या प्रश्नाचे ओझे मात्र रुग्णाला एकट्यानेच वाहावे लागते. ते हलके करण्याचे काम सपोर्ट ग्रुप, म्हणजेच आधारगट करतात.

एकटेपणा इतका का?

'ग्लोबोकॅन'च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण होते, तर सुमारे ७५ हजार मृत्यू झाले. खोकला, वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगासारखीच असल्याने अनेकदा आधी क्षयाचेच उपचार होतात आणि निदान उशिरा होते. त्यामुळे 'मी यातून गेलो आहे' असे सांगणारा माणूस ओळखीत सहसा सापडत नाही.

त्यात भर अपराधीपणाची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४८९ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. ज्यांनी केले होते, त्यांनाही उपचार आणि आपुलकी तितकीच हवी असते. तरीही बोल लागेल या भीतीने अनेक घरांत आजाराचे नावही घेतले जात नाही.

गटात नेमके काय मिळते?

टार्गेटेड थेरपीच्या गोळ्यांनी अंगावर पुरळ येते, नखांच्या कडा दुखतात, जुलाब होतात. यातले डॉक्टरांना लगेच काय सांगायचे, हे आधीच्या रुग्णाकडून चटकन कळते. स्कॅनच्या आदल्या रात्री झोप का लागत नाही, हे तिथे समजावून सांगावे लागत नाही. सरकारी योजनेची कागदपत्रे, परगावी उपचारासाठी राहण्याची सोय, याची माहितीही अनुभवातून मिळते. सांभाळणाऱ्या पत्नीला किंवा मुलालाही 'मी थकलोय' असे म्हणायला जागा मिळते. मुंबईत 'लंग कनेक्ट' हा याच आजाराच्या रुग्णांसाठीचा गट आहे.

आयुष्य वाढते का?

इथे प्रामाणिक राहायला हवे. स्तनाच्या कर्करोगाच्या ८६ रुग्णांवरील १९८९ च्या अभ्यासात गटात जाणाऱ्या महिला अधिक जगल्याचे दिसले होते. मात्र २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३५ महिलांच्या मोठ्या अभ्यासात आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, विशेषतः ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांच्या. म्हणजे गट हा उपचाराला पर्याय नाही. आहेत ते दिवस सुसह्य करणे हे त्याचे काम. तेही लहान नाही.

सावध कुठे राहायचे?

एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला चालेलच असे नाही. 'ईजीएफआर' बदल असलेल्या गाठीचे औषध 'एएलके' बदलाच्या गाठीवर उपयोगी पडत नाही. ज्या गटात केमो बंद करण्याचे सल्ले, जडीबुटीच्या जाहिराती किंवा पैशांची मागणी सुरू होते, तिथून बाहेर पडलेले बरे. गटाला डॉक्टर किंवा समुपदेशकाचे मार्गदर्शन आहे का, हे आधी विचारा. गटात कुणाचा मृत्यू झाल्याची बातमी झेपत नसेल, तर काही दिवस दूर राहण्यातही गैर नाही. मन फारच खचले असेल तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

पुढे काय व्हायला हवे?

आज गट सापडतो तो बहुधा योगायोगाने, वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या कुणाकडून तरी. हे नशिबावर सोडता कामा नये. निदानाच्या दिवशी फाइलमध्ये पुढच्या तारखेच्या चिठ्ठीसोबत जवळच्या आधारगटाचा पत्ताही हवा. त्यासाठी ना महागडे यंत्र लागते, ना मोठा निधी. आणि तुमच्या ओळखीत असा रुग्ण असेल, तर सिगारेटचा प्रश्न टाळा. 'जेवलात का?' एवढे विचारले तरी पुरे.