पोटाची शस्त्रक्रिया आणि परतीचा प्रवास

जालन्याहून मुंबईला जाणे आता पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. ३० डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी अयोध्येतून जालना-मुंबई वंदे भारत एक्स्प्रेसला हिरवा झेंडा दाखविला. पुढे ही गाडी नांदेडपर्यंत नेण्यात आली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. एके काळी हृदयविकार किंवा कर्करोग झाला तरच मुंबई-पुण्याची वाट धरणारी घरे आता आणखी एका कारणासाठी ती वाट धरू लागली आहेत, आणि ते कारण म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया. मोंढ्यातील अडत्या असो, लोखंडाच्या कारखान्याचा मालक असो वा अंबडची शिक्षिका असो, घरातील चर्चा "करावी की करू नये" येथून "स्लीव्ह की बायपास" येथवर येऊन पोचली आहे. निर्णयाला आधार मात्र बहुधा एखाद्या आप्ताच्या अनुभवाचा असतो. त्याने अमुक केली आणि त्याचे चाळीस किलो उतरले, म्हणून आपणही तीच करावी, असा हा हिशेब.

हा हिशेब चुकीचा का, हे पाहण्याआधी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. स्थूल मनुष्य खादाड आणि आळशी असतो, त्याने चार दिवस तोंड आवरले आणि सूर्यनमस्कार घातले की झाले, असे सर्रास बोलले जाते. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. बलोपासनेचा वारसा सांगणाऱ्या या मुलखात व्यायामाचे महत्त्व कोणी वेगळे सांगावयास नको. परंतु ज्याचे वजन एकशे तीस किलो आहे, ज्याचे गुडघे झिजले आहेत आणि झोपेत ज्याचा श्वास वारंवार अडकतो, त्याला सूर्यनमस्काराचा उपदेश करणे ही त्याची थट्टाच होय. येथे चरकसंहिता उघडून पाहावी. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याचे वर्णन आहे. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यात फिरू लागतो, अग्नी प्रदीप्त करतो आणि म्हणून अशा मनुष्याची भूक वाढते, असे कारण तेथे दिले आहे. आजच्या वैद्यकाची परिभाषा वेगळी आहे. जठराच्या वरच्या भागातून स्रवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक भुकेची जाणीव वाढविते आणि वजन कमी होऊ लागले की शरीर ते पूर्वपदावर आणण्यासाठी झटते, असे ते सांगते. दोन्ही स्पष्टीकरणे एकच आहेत असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र अतिस्थूल माणसाची भूक हा त्याच्या शीलाचा दोष नसून देहाचा विकार आहे, एवढे चरकांनीही ओळखले होते आणि आपण ते विसरलो.

सार्वजनिक जीवनातील काही मंडळींनी या विषयावरील संकोच मोडला, हे बरे झाले. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपविली नाही. अरुण जेटली यांच्यावर २०१४ मध्ये, ते केंद्रीय अर्थमंत्री असताना, दिल्लीत अशीच शस्त्रक्रिया झाली; त्यामागे दीर्घकाळचा मधुमेह होता. पुढे २०२२ मध्ये गडकरींनीच उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना भर सभेत आव्हान दिले की, जेवढे किलो वजन कमी कराल, तेवढे हजार कोटी मतदारसंघातील कामांना देऊ. फिरोजियांनी आहार आणि व्यायाम यांच्या बळावर ते मनावर घेतले. एकाला शस्त्र लागले, दुसऱ्याला लागले नाही. यात पहिल्याचा कमीपणा नाही आणि दुसऱ्याचे यश सर्वांना लागू पडणारे प्रमाणही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उभा कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. आतड्याला हात लावला जात नाही. शस्त्रक्रिया तुलनेने सुटसुटीत असल्याने अलीकडे सर्वाधिक प्रमाणात हीच होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम अर्ध्या वाटीहून लहान अशी पिशवी वेगळी करतात आणि तिला लहान आतड्याचा पुढचा भाग आणून जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. पारंपरिक पद्धतीत असे दोन जोड असतात. १९९७ पासून प्रचारात आलेल्या 'मिनी बायपास'मध्ये एकच जोड असतो आणि वळसा बराच लांब असतो. जठराभोवती आवळायचा पट्टा या शतकाच्या आरंभी फार गाजला होता. पुढे इतक्या रुग्णांचे पट्टे काढावे लागले की आज तो जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. काल जे सर्वोत्तम म्हणून सांगितले गेले, ते आज काढून टाकावे लागते, एवढा धडा त्यातून घेतला तरी पुरे.

यांपैकी वजन अधिक कशाने उतरते? लोक हाच प्रश्न सर्वप्रथम विचारतात आणि निवडीच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. स्वित्झर्लंडमधील रुग्णांच्या पाच वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत स्लीव्ह आणि बायपास यांनी घटलेल्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक आढळला तो अन्यत्र. ज्यांना आधीपासून छातीत जळजळ आणि आम्ल वर येण्याचा त्रास होता, त्यांच्यापैकी स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के लोकांचा त्रास वाढला. बायपासनंतर हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. म्हणजे तिखट-तेलकट जेवणानंतर रात्री उशी उंच करून झोपणाऱ्या माणसाने मामेभावाच्या अनुभवावरून स्लीव्ह निवडली, तर वजन उतरेल आणि जळजळ आयुष्यभराची सोबतीण होईल. मधुमेहाच्या बाबतीत अमेरिकेतील एका अभ्यासाचे पाच वर्षांचे आकडे २०१७ मध्ये आले. साखर जवळजवळ निरोगी माणसासारखी राहिलेल्यांचे प्रमाण बायपासनंतर २९ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि केवळ औषधोपचारावर ५ टक्के असे होते. शस्त्रक्रियेचा लाभ यातून स्पष्ट दिसतो. पण "मधुमेह कायमचा घालवा" अशी जाहिरात वाचणाऱ्याने उरलेल्या ७१ टक्क्यांचाही विचार करावा.

परदेशी आकड्यांच्या पुढे जाऊन जालन्याच्या घरात डोकावले की प्रश्नाचे रूपच बदलते. येथील व्यापारी कुटुंबांपैकी अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहेत. बी-१२ हे जीवनसत्त्व प्रामुख्याने प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहाऱ्याला त्यासाठी दूध-दह्यावरच अवलंबून राहावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने महाराष्ट्रातील गर्भवतींमध्येही या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता दाखवून दिली आहे. त्यात रक्तक्षयाची भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. अशा स्त्रीच्या आतड्याचा नेमका लोह शोषणारा आरंभीचा भाग बायपासने वगळला, तर काय होईल हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. फ्रान्समध्ये मिनी बायपास आणि पारंपरिक बायपास यांची तुलना करणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोहोंनी वजन सारखेच उतरले. परंतु कुपोषणाशी संबंधित नऊ गंभीर घटना मिनी बायपासच्या गटात घडल्या, पारंपरिक गटात एकही नाही. आणि फ्रान्समधील रुग्ण काही एकादशी करीत नव्हते!

उपवासाचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चातुर्मास, नवरात्र, संकष्टी, एकादशी यांचे पालन करणारी स्त्री त्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा खाते. प्रथिने जवळजवळ शून्य. जठर मुठीएवढे उरल्यावर दिवसाचे साठ-सत्तर ग्रॅम प्रथिन डाळी, दूध, पनीर यांतून घासाघासाने भरून काढावे लागते. तेथे असा एक दिवसही महाग पडतो. व्रत सोडा असे कोणी म्हणणार नाही. रुग्णाला सवलत देणारे आपले धर्मशास्त्र पुरेसे उदार आहे. परंतु शस्त्रक्रिया करणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारला पाहिजे आणि तो विचारला जात नसेल तर रुग्णाने तो स्वतः काढला पाहिजे. तीच गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची आणि तंबाखूची. बायपासनंतर या दोहोंमुळे जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतात. आपल्याकडे गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळी आणण्याची रीत आहे आणि दुकानदाराला समोरच्याचे पोट आतून कसे जोडले आहे, हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

सर्वांत चिंता वाटावी अशी निवड मात्र यांपैकी कोणत्याच निकषावर होत नाही. ती लग्नाच्या बाजारात होते. मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, वजन जास्त, स्थळे नकार देतात. मग गुपचूप मोठ्या शहरात नेऊन शस्त्रक्रिया उरकायची, सासरी कळू द्यायचे नाही आणि वर्षभरात बोहल्यावर उभे करायचे. शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. सासरच्यांना काहीच ठाऊक नसेल, तर पहिल्या वर्षी पाळणा हलण्याची अपेक्षा ठेवणाऱ्या घरात ती मुलगी हे कोणत्या तोंडाने सांगणार? जीवनसत्त्वाच्या गोळ्या ती कोठे लपविणार? स्त्रीला शक्तिस्वरूप मानणाऱ्या समाजात असे घडावे, याची लाज वधूपित्यापेक्षा स्थळांना वाटली पाहिजे. बाळाच्या पोषणाची चिंता तर आणखी वेगळी. दुष्काळी मुलखात अर्धपोटी राहिलेल्या मातांची मुले जन्मतः बारीक असतात आणि पुढे थोड्या वजनातही मधुमेही होतात, हे याज्ञिकांचेच संशोधन आहे. आईची शस्त्रक्रिया आणि लपविलेली गोळी यांतून तीच उपासमार भरल्या घरात परत यावी, हा विपर्यास होय.

विम्याविषयी थोडे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० पासून लागू केलेल्या नियमांनुसार देहभार निर्देशांक, म्हणजे प्रचलित भाषेतील बीएमआय, ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ असून सोबत अनियंत्रित मधुमेह, तीव्र निद्राश्वसनरोध यांसारखे विकार असतील, तरच ही शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत येते. भारतीय शल्यविशारद मात्र आपल्या लोकांसाठी ३७.५ आणि ३२.५ या मर्यादा दीर्घकाळ मानत आले आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी त्या आणखी खाली आणल्या. डॉक्टर म्हणतील 'करा' आणि विमा कंपनी म्हणेल 'नाही', असा मोठा पट्टा मध्ये राहतो. त्यातील माणूस शेत किंवा दागिना गहाण टाकण्याआधी निदान हे जाणून असावा. मार्च २०२५ पासून वजन घटविणारी नवी इंजेक्शनेही देशात मिळू लागली आहेत. ती थांबविली की वजन परत येऊ लागते, हा त्यांचा दोष. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेला दोन वेळा जेवण्याचा मार्ग विनाखर्चाचा आहे आणि शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत न पोचलेल्या बहुसंख्यांनी प्रथम तोच चोखाळणे शहाणपणाचे.

ज्यांना शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे, त्यांच्यापुढील निवड मात्र 'कोणती' या शब्दाने सुरू न होता 'नंतर कोण पाहणार' या शब्दांनी सुरू झाली पाहिजे. ज्याच्या गावाजवळ नियमित रक्ततपासणी होऊ शकते, जो आयुष्यभर गोळ्या घेईल आणि ज्याला मधुमेह व जळजळ दोन्ही आहेत, त्याने बायपासचा विचार जरूर करावा. जो मंठा तालुक्यातील वस्तीवर राहतो, वर्षातून एकदा शहरात येतो आणि बरे वाटले की औषध बंद करतो, त्याच्यासाठी लांब वळशाचा बायपास हा धोका आहे. त्याला जळजळ नसेल तर स्लीव्ह अधिक सुरक्षित. गोळ्या आणि तपासण्या तिलाही चुकत नाहीत, पण दुर्लक्षाची किंमत तुलनेने कमी पडते. शस्त्रक्रिया करणारे केंद्र मुंबईत असले तरी चालेल. रुग्ण मात्र उरलेली तीस-चाळीस वर्षे परतूर, भोकरदन आणि जाफराबादेत काढणार आहे.

येथेच समाजाला काही करता येण्यासारखे आहे. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन होऊन सुरू झाले. साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात डॉ. हेडगेवार रुग्णालयासारखी, १९८९ पासून सेवाभावाने उभी राहिलेली संस्था आहे. शस्त्रक्रिया कोठेही झालेली असो, अशा रुग्णांची नोंदवही ठेवणारा, दर सहा महिन्यांनी रक्त तपासणारा आणि आहाराविषयी मराठीत समजावून सांगणारा एक बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एक दिवस चालविण्यास यंत्रसामग्री लागत नाही. एक डॉक्टर, एक आहारतज्ज्ञ आणि घरी फोन करून आठवण देणारे दोन कार्यकर्ते पुरतात. बी-१२ चे इंजेक्शन तालुक्याच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात थोड्या रुपयांत मिळते. ते केव्हा घ्यावयाचे, हे सांगणारे मात्र आज तेथे कोणी नाही.