पावसातला आसरा

कलेत भावनेला मानाचं स्थान मिळालं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, युरोपातील रोमँटिक चळवळीमुळे, असं आपण शिकत आलो. भंडारा जिल्ह्यातील पवनी हे विधान पुन्हा तपासायला लावते.

वैनगंगेकाठच्या या गावी १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीखालचा बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथल्या शिल्पांत पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे. त्याचं नाव ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असताना वादळी पाऊस आला, सात दिवस पडत राहिला आणि या नागानं त्यांच्यावर फणा धरला, अशी कथा आहे. इसवी सनापूर्वीच्या त्या काळी बुद्धांना मानवरूपात दाखवत नसत. म्हणजे ज्याला जपायचं तोच दिसत नाही; दिसते ती केवळ माया. दुःखी चेहरा नाही, अश्रू नाहीत, तरी करुणा पोहोचते.

पुढे वाकाटकांच्या काळात, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, भिक्षू झालेल्या नंदाच्या, म्हणजे बुद्धांच्या सावत्र भावाच्या, पत्नीची मान कलली, बोटं सैल पडली आणि विरह भिंतीवर उतरला. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रानं तर चित्राचे नऊ रस सांगितले.

भावना आपल्या कलेत बाहेरून आलेली नाही. या अंकातले लेख वाचाच. पण एकदा पवनीला जा आणि त्या टेकडीवर थोडा वेळ शांत उभे राहा.