काडतूस, कोष्टक आणि शब्दप्रामाण्य

गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला. तेव्हापासून ‘ग्रंथात लिहिले आहे, म्हणून खरे’ या वृत्तीवर मराठी लेखकांनी पुष्कळ कोरडे ओढले आहेत. त्याचे फळही मिळाले. पोथीचे प्रामाण्य मानणारा गृहस्थ आज सुशिक्षितांच्या बैठकीत जपूनच बोलतो. परंतु पोथी गेली आणि तिच्या आसनावर छापील कोष्टक येऊन बसले, एवढाच जर पालट झाला असेल, तर त्यास सुधारणा म्हणण्यास आम्ही तयार नाही. आकडा दशांशचिन्हासह छापलेला असला की तो कोणी, कशाने आणि कोणत्या परिस्थितीत मोजला, हे विचारण्याचे धैर्य आमच्या पदवीधरांसही होत नाही. या नव्या शब्दप्रामाण्याचे एक उदाहरण आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. ते आहे रायफलीचे काडतूस घरी भरण्याचे आणि त्यासाठी छापलेल्या दारूच्या कोष्टकांचे.

हा विषय कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा कोल्हारास जाऊन यावे. प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर, भगवतीदेवीच्या स्थानामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांचे पाणी खेळू लागले आणि या मुलखात ऊस उभा राहिला. १९५० साली जवळच लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना चालू झाला व उसाचे राज्य कायम झाले. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो. इतका दाट आणि इतका दीर्घकाळचा आडोसा मिळाल्यावर बिबट्याने तेथे बिऱ्हाड केले, यात नवल नाही. रात्री पाणी धरावयास जाणारा शेतकरी आणि अंगणात खेळणारी मुले यांस त्याचे भय आहे व ते खरे आहे. भय असले की बंदुकीची गोष्ट निघते. बंदुकीची निघाली की काडतुसांच्या किमतीची व टंचाईची निघते. मग कोणीतरी शहाणा म्हणतोच की, विलायतेत आणि अमेरिकेत लोक आपली काडतुसे आपणच भरतात. त्याची कोष्टके छापलेली आहेत. आपण का भरू नयेत?

या प्रश्नावर दोन पक्ष दिसतात. पहिला म्हणतो, ‘छापले आहे ना? मग तितकी दारू घाला, काही होत नाही.’ दुसरा अधिक धूर्त. तो म्हणतो, ‘छापील आकडे कंपन्यांनी कोर्टकचेरीच्या भीतीने मुद्दाम कमी केलेले असतात, खरी मर्यादा त्याच्या पुष्कळ वर आहे.’ एक भाविक, दुसरा नास्तिक. पण आकडा म्हणजे काय, हे दोघांसही कळलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. काडतुसाची अंगे चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. यांची मापे ग्रेनमध्ये देण्याचा प्रघात आहे. आमच्या जुन्या पिढीस हे माप परके नाही, कारण सरकारी तोळा १८० ग्रेनांचाच होता. इंग्रजी फौजेने १९१० साली पत्करलेल्या .३०३ च्या सातव्या मार्क काडतुसाची गोळी १७४ ग्रेनांची, म्हणजे तोळ्याहून किंचित कमी. तिच्यामागची कॉर्डाइट दारू सुमारे ३७ ग्रेन, म्हणजे जवळजवळ अडीच मासे. एवढी अडीच मासे दारू तोळाभर शिसे व धातू सेकंदाला २४४० फूट वेगाने फेकते. ५०,००० पौंड दर चौरस इंचास, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ३४०० पट दाब, ही अशा रायफलीच्या नळीतील रोजची गोष्ट होय. आणि तो दाब बंदूकवाल्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर उत्पन्न होतो. येथे चुकीची किंमत रुपयांत मोजावयाची नसते.

नगरकरांना तोफबंदुकीची विद्या नवी नाही. विजापुरास आज जी मलिक-ए-मैदान तोफ दाखवितात, ती १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. सुमारे ५५ टनांचे ते धूड. तिला बत्ती देणारा गोलंदाज आवाजाच्या भयाने शेजारच्या पाण्याच्या टाक्यात बुडी मारीत असे, अशी दंतकथा आहे. त्या काळी प्रत्येक बार हातानेच भरलेला असे. परंतु तो गोलंदाज एकाच तोफेचा सेवक होता. तिची नळी, तिची दारू व तिच्या खोडी यांचा त्याला जन्मभराचा परिचय असे. शिवाय काळी दारू स्वभावाने पुष्कळ क्षमाशील. बिनधुराची दारू तशी नव्हे. ती कोंडली जाईल तितकी जलद जळते आणि जलद जळेल तितकी अधिक कोंडते. त्यामुळे मापात थोडी वाढ झाली, किंवा गोळी पुंगळीत थोडी अधिक खोल बसली, तरी दाब त्याच प्रमाणात न वाढता त्याहून कितीतरी अधिक वाढतो. त्रैराशिकावर वाढलेल्या आमच्या बुद्धीस हे सहसा पटत नाही, आणि म्हणूनच ते सांगणे अवश्य आहे.

आता कोष्टक म्हणजे काय? ते एका प्रयोगाचे टिपण आहे. एका विशिष्ट नळीत, विशिष्ट पुंगळी, विशिष्ट टोपी, विशिष्ट गोळी आणि दारूचा विशिष्ट घाणा घेऊन, विशिष्ट उष्णमानात बार काढले तेव्हा काय झाले, याचा तो वृत्तांत. यांतील एक अंग बदलले की वृत्तांत दुसऱ्याच प्रयोगाचा होतो. लष्करी पुंगळीचे पितळ पुष्कळदा जाड असते. आत जागा कमी, म्हणून त्याच मापास दाब अधिक. एकाच नावाच्या दारूचे दोन घाणे तंतोतंत सारखे जळत नाहीत. म्हणून कारखाना दर घाण्याची परीक्षा करून आपले माप ठरवितो. १८६९ पासून दारूगोळ्याचे काम करीत आलेल्या खडकीच्या कारखान्यासारख्या ठिकाणी दाब मोजण्याची साधने असतात. घरच्या माजघरात ती नसतात. तरीही कारखान्याचे एक काडतूस फोडावे, दारू तोलावी आणि तशीच दिसणारी दुसरी दारू तितकीच भरावी, असा उपदेश करणारे बृहस्पती आहेत. दिसण्यावरून दारूचा वेग ओळखणे म्हणजे रंगावरून औषध ओळखणे होय.

उष्णमानाचे तर आम्हास अगत्याने सांगितले पाहिजे, कारण कोष्टके बहुधा थंड देशांची असतात. कॉर्डाइटच्या काळी इंग्रज कारखानदार हिंदुस्थान व आफ्रिका यांसाठी मुद्दाम कमी मापाची काडतुसे भरीत असत. उन्हात तापलेल्या दारूचा दाब वाढतो, हे त्यांस ठाऊक होते. वैशाखातल्या दुपारी कोल्हारच्या माळावर रायफलीची नळी हाताला चटका देते. विलायती प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा तेथे लावणारा मनुष्य विलायतेची थंडीही गाठोड्यात बांधून आणतो, असे त्यास वाटते की काय?

याहून मोठा घोटाळा मापाच्या भाषेचा. पूर्वी दाब मोजण्यासाठी तांब्याचे लहानसे दंडगोल वापरीत. बाराने ते किती चेपले, यावरून दाब ठरवीत. पुढे स्फटिकाच्या विद्युत्गुणावर चालणारी साधने आली. ती दाबाचा क्षणिक कळसही टिपतात. दोन्ही पद्धतींचे आकडे एक नव्हेत. अमेरिकेतील प्रमाणसंस्थेने .३०-०६ या काडतुसाची जी कमाल मर्यादा ठरविली आहे, ती तांब्याच्या मापाने ५०,००० आणि नव्या मापाने ६०,००० पौंड आहे. काडतूस तेच, मर्यादाही तीच, आकड्यांत मात्र दहा हजारांचा फरक! इंग्रजांची टनांतील पद्धत तर तिसरीच; .३०३ ची सुमारे १९ टन ही जुनी मर्यादा २२४० ने गुणून पौंडांत आणली तर साडेबेचाळीस हजार येते, आणि आजच्या युरोपीय प्रमाणसंस्थेची त्याच काडतुसाची मर्यादा जवळजवळ त्रेपन्न हजार आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणतो, ‘पाहा, दहा हजारांची सवड आहे!’ ती सवड रायफलीत नसून त्याच्या अज्ञानात आहे.

शेतकऱ्याच्या घरी रायफल क्वचित, बारा बोअरची बंदूक अधिक. म्हणून तिचेही एक उदाहरण देतो. तिच्या काडतुसांच्या पेटीवर ‘तीन ड्रॅम समतुल्य’ अशा अर्थाची अक्षरे असत. त्यांचा अर्थ, तीन ड्रॅम काळ्या दारूने जो वेग येई तो या काडतुसाने येतो, इतकाच. आत तीन ड्रॅम बिनधुराची दारू आहे, असा नव्हे. तीन ड्रॅम म्हणजे ८२ ग्रेन. बिनधुराची दारू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लागते. हा एक शब्द न समजता ज्याने अक्षरशः तोलून भरले, त्याची नळी फाटली तर दोष कोणाचा? छापणाऱ्याने खोटे छापले नव्हते. वाचणाऱ्याने अर्धेच वाचले होते. ग्रेनला ग्रॅम समजणारा भाषांतरकार भेटला तर अनर्थ पंधरापट होतो, हे निराळे सांगावयास नको.

आता दुसऱ्या पक्षाचा समाचार घेऊ. जुन्या पुस्तकांत मापे मोठी आणि नव्यांत लहान असतात, यावरून कंपन्या भ्याल्या, असा तो निष्कर्ष काढतो. पण जुन्या साधनांना जो कळस दिसत नव्हता तो नव्यांना दिसू लागला; दारू, टोप्या व गोळ्या यांची घडणही मध्यंतरी बदलली. नव्या तपासणीने डॉक्टरास रोग सापडला, तर डॉक्टर भित्रा झाला असे कोणी म्हणत नाही. ‘मला माझ्या बंदुकीची नाडी कळते, टोपी चपटी झाली नाही, दट्ट्या अडकला नाही, म्हणजे दाब ठीक,’ असेही हे वीर सांगतात. ही चिन्हे दिसू लागतात तेव्हा मर्यादा बहुधा ओलांडून झालेली असते. कधी टोपीच मऊ असल्यामुळे ती खोटीही ठरतात. कपाळाला हात लावून ताप आहे इतके कळते. किती आहे, ते कळत नाही.

आम्हास आश्चर्य वाटते ते निराळेच. याच प्रवराकाठचा शेतकरी भोळा नाही. ऊस तोलताना तो काट्याकडे डोळे लावून असतो, साखरेच्या उताऱ्याचा आकडा जाहीर झाला की त्यावर वाद घालतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खताची मात्रा सांगितली तरी आपल्या जमिनीचे माती-परीक्षण झाल्यावाचून ती जशीच्या तशी घालू नये, हे त्यास समजते. शेजाऱ्याची मात्रा आपल्या काळ्या रानास लागू पडत नाही, हेही. मग जो मनुष्य युरियाच्या गोणीबाबत इतका चिकित्सक, तो दारूच्या मापाबाबत परदेशी शेजाऱ्याच्या शब्दावर कसा विसंबतो? चिकित्सा त्याच्या अंगी आहे. ती छापील अक्षरापुढे लाजते, एवढेच.

कोष्टकाची परीक्षा करण्यास रसायनाची पदवी लागत नाही. दाब दिला आहे काय, आणि कोणत्या पद्धतीने मोजलेला? नळीची लांबी सांगितली आहे काय? गोळीचे केवळ वजन दिले आहे, की तिची घडण व बसविण्याची खोलीही? आरंभीचे माप आणि कमाल माप निरनिराळे दाखविले आहे काय? प्रयोग केव्हाचा? दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे मोजून तसाच निकाल दिला आहे काय? येथे ‘स्वतंत्रपणे’ या शब्दावर आमचा भर आहे. पाच पुस्तकांनी एकाची नक्कल केली, तर साक्षीदार पाच होत नाहीत. एकच राहतो, आणि तो खोटा असेल तर पाचही खोटे. खरे जाणकार कसे वागतात, ते नेमबाजीच्या खेळात पाहावे. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तीत .२२ ची तयार काडतुसे वापरतात. ती घरी भरताच येत नाहीत. तरीही त्या खेळात एकाच नामांकित कारखान्याचे निरनिराळे घाणे स्वतःच्या नळीतून झाडून पाहून मग एक निवडण्याची रीत आहे. निर्मात्यावर त्यांचा अविश्वास नसतो. आपली नळी दुसऱ्याची नव्हे, एवढे ते जाणतात.

‘मग तुम्ही आम्हास नीट भरावयास शिकवीत आहात काय?’ असा प्रश्न येईल. नाही. १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा परवान्यावाचून दारूगोळा तयार करू देत नाही. काडतुसाचे भाग व ते बनविण्याची यंत्रेही तो दारूगोळ्यातच मोजतो. बिबट्यास तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. उसातील भयाचा उपाय घरी भरलेल्या काडतुसात नाही. तो मागावयाचा असेल तर वनखात्याकडे पिंजरा आणि वीजमंडळाकडे दिवसाची वीज मागावी. ती मागणी न्याय्य आहे, आणि तिच्यात कोणाची बोटे जाण्याचा संभव नाही.

आमचे भांडण अखेर लेखकांशी व भाषांतरकारांशी आहे. परकी कोष्टके मराठीत उतरविताना तळटीपा गाळावयाच्या, मोजण्याची पद्धत वगळावयाची आणि उरलेले आकडे ‘उपयुक्त माहिती’ म्हणून छापावयाचे, हा धंदा बंद झाला पाहिजे. दारूचा असो, खताचा असो वा औषधाचा असो, जो आकडा कोणाच्या तरी हातापायाशी खेळणार आहे, तो आपल्या साऱ्या अटींसह छापावा; अटी देण्यास जागा नसेल तर आकडाही देऊ नये. आणि वाचकांनी असा अनाथ आकडा दिसताच संपादकास पत्र लिहून त्याचे आईबाप विचारावेत. आमच्या पानांत तो दिसला, तर आम्हासही.